धुराड्याचा धूर आणि कागदावरचा आकडा

गिरण्यांची उंच धुराडी हे एके काळी मुंबईच्या औद्योगिक वैभवाचे चिन्ह मानले जात असे. त्याच धुराड्यांचा उपद्रव पुढे इतका वाढला की, १९१२ मध्ये मुंबई सरकारला धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. कायदा झाला, पण त्याबरोबरच एक अडचणीचा प्रश्नही उभा राहिला. धूर किती झाला म्हणजे तो उपद्रव समजावयाचा? गिरणीमालकाला जो धूर विरळ वाटेल, तोच चाळीतील रहिवाशाला दाट वाटणार. या वादावर त्या काळी जगभर एक साधा उपाय प्रचलित होता. रिंगेलमान नावाच्या फ्रेंच प्राध्यापकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक तक्ता तयार केला होता. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी कमीअधिक दाट काढून त्याने धुराचे क्रमांक ठरविले. पहिल्या क्रमांकात वीस टक्के काळे, दुसऱ्यात चाळीस आणि पाचव्यात पूर्ण काळे. निरीक्षकाने तक्ता समोर धरावा, धुराड्याकडे पाहावे आणि क्रमांक लिहून घ्यावा.

ही पद्धत आज बाळबोध वाटते. तथापि तिच्यात एक मोठा गुण होता. निरीक्षक आणि गिरणीमालक दोघेही एकच धूर, एकच तक्ता उघड्यावर पाहू शकत असत. त्यानंतर मोजमापाची साधने सूक्ष्म झाली, डोळ्यांना न दिसणारे वायू मोजता येऊ लागले. पण मोजमाप यंत्राच्या पेटीत आणि अहवालाच्या पानांत शिरले व सामान्य माणसाच्या नजरेआड गेले. ग्रामपंचायतीच्या बैठकीत कारखान्याचा अहवाल मांडला जातो, त्यात ‘मर्यादेच्या आत’ असे शब्द असतात आणि विषय तेथेच संपतो. हा आकडा कसा जन्माला येतो हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच पुढचा प्रश्न विचारता येतो.

रस्त्यावरील वाहने

वाहनांच्या बाबतीत बहुतेकांचा परिचय असतो तो ‘पीयूसी’ प्रमाणपत्राशी. पेट्रोलची गाडी उभी असताना इंजिन सुरू ठेवून धूरनळीत नळी घालतात व धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे शेकडा प्रमाण आणि न जळालेल्या हायड्रोकार्बनचे दशलक्षांश प्रमाण पाहतात. डिझेलच्या गाडीचा प्रवेगक झटक्याने दाबून बाहेर पडणाऱ्या धुरातून प्रकाश किती अडतो ते मोजतात. जुन्या वाहनांना हे प्रमाणपत्र दर सहा महिन्यांनी, तर भारत स्टेज चार व त्यापुढील वाहनांना वर्षातून एकदा घ्यावे लागते.

ही चाचणी उपयुक्त आहे, परंतु तिच्याकडून अपेक्षा बेताचीच ठेवावयास हवी. उभ्या गाडीच्या धुरात एखादा वायू किती टक्के आहे, एवढेच ती सांगते. ती गाडी भाराने, चढावर, गर्दीत चालताना दर किलोमीटरला किती ग्रॅम विष हवेत सोडते, हे ती सांगत नाही. फुप्फुसात खोल शिरणारे अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजनची ऑक्साइडे तर या चाचणीत मोजलीच जात नाहीत. कपाळाला हात लावून ताप आहे की नाही हे कळते, रोग कोणता ते कळत नाही; तसाच हा प्रकार आहे.

खरी कसोटी होते ती वाहनाचा नमुना बाजारात येण्यापूर्वी. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या, १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेसारख्या प्रयोगशाळांत गाडीची चाके मोठ्या रुळांवर ठेवतात. गाडी जागेवरच धावते. कोणत्या क्षणी किती वेग हे आधीच ठरलेले असते, आणि त्या धावेतील धूर पिशव्यांत गोळा करून त्याचे पृथक्करण केले जाते. उत्तर येते ते दर किलोमीटरला इतके मिलिग्रॅम असे. भारत स्टेज चार मानकाखाली डिझेल मोटारीला दर किलोमीटरला २५ मिलिग्रॅम कणांची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकाने ती ४.५ मिलिग्रॅमवर आणली, तर नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅमवर आली. पाचवा टप्पा ओलांडून एकदम सहाव्या टप्प्यावर जाण्याचा निर्णय हा अलीकडच्या काळातील धाडसी निर्णयांपैकी एक होय.

येथे एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. वाहन स्वच्छ होण्यापूर्वी इंधन स्वच्छ व्हावे लागते. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले नसते, तर धूरनळीतील उत्प्रेरक उपकरणे शिशाने निकामी झाली असती. डिझेलमधील गंधकाचेही तसेच. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत डिझेलमध्ये शंभर भागांत एक भागापर्यंत गंधक असे. आज ते दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा अधिक असू शकत नाही, म्हणजे हजारपटीने घट. कण अडविणारी गाळणी व इतर उपकरणे टिकतात ती त्यामुळे. सारा खटाटोप तेलशुद्धीकरण कारखान्यांत झाला. वाहनमालकाला त्याचा पत्ताही लागला नाही.

प्रयोगशाळेतील कसोटी कितीही काटेकोर असली तरी ती ठरावीक असते, आणि जे ठरावीक असते ते ओळखता येते. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण यंत्रणेने फोक्सवॅगन कंपनीवर आरोप ठेवला की, तिच्या डिझेल मोटारींतील संगणकप्रणाली आपली चाचणी चालू असल्याचे ओळखते व तेवढ्यापुरते प्रदूषण-नियंत्रण पूर्ण चालविते. रस्त्यावर याच मोटारी नायट्रोजनची ऑक्साइडे मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत सोडत होत्या. कंपनीने जगभरातील सुमारे एक कोटी दहा लाख मोटारींत ही प्रणाली असल्याचे मान्य केले. ही लबाडी उघडकीस येण्याचा मार्ग अगदी साधा होता. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजयंत्र मोटारीत ठेवले आणि ते रस्त्यावर निघाले. भारतातही एप्रिल २०२३ पासून नव्या मोटारींच्या बाबतीत प्रत्यक्ष रस्त्यावरील उत्सर्जनाची कसोटी लागू झाली आहे.

धुराड्यातील नमुना

कारखान्याच्या धुराड्यातील कण मोजणे हे वाहनाच्या चाचणीहून अवघड काम आहे. शारीरिक दृष्ट्याही अवघड. तंत्रज्ञाला पंधरा-वीस मीटर किंवा त्याहूनही उंच मचाणावर चढावे लागते. तेथे धुराड्याला पाडलेल्या छिद्रातून तो एक नळी आत घालतो. छिद्र कोठे असावे यालाही नियम आहे. वळणाजवळ वायू घुसळला जातो, म्हणून छिद्रापूर्वी धुराड्याच्या व्यासाच्या आठपट आणि छिद्रानंतर दुप्पट लांबी सरळ असावी अशी अपेक्षा असते. नळीच्या टोकाशी असलेल्या गाळणीत कण अडकतात. गाळणीचे आधीचे व नंतरचे वजन, आणि तिच्यातून गेलेल्या वायूचे आकारमान, यांवरून दर घनमीटरला किती मिलिग्रॅम हा आकडा निघतो.

खरी मेख आहे ती वायू ओढण्याच्या वेगात. धुराड्यातील वायू ज्या वेगाने वर जात असेल, नेमक्या त्याच वेगाने तो नळीत ओढला गेला पाहिजे. समजा, ओढण्याचा वेग जास्त झाला. मग आजूबाजूचा वायू वळून नळीत शिरतो, पण जड कण वळू शकत नाहीत. ते सरळ वर निघून जातात. परिणामी वायू भरपूर गोळा होतो, कण थोडे, आणि धूर प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ ठरतो. वेग कमी पडला तर उलट होते. चुकीने असो वा हेतुपुरस्सर, पंपाची कळ थोडी फिरविली की आकडा फिरतो, आणि अहवालात त्याची खूण राहत नाही.

दुसरी पळवाट हवेची. दुधात पाणी घातले की दूध वाढते आणि स्निग्धांश उतरतो. धुरातही ताजी हवा मिसळली की दर घनमीटरमागील कणांचे वजन कमी भरते, एकूण कण मात्र तेवढेच हवेत जातात. म्हणूनच बाष्पकाच्या धुराचा आकडा बारा टक्के कार्बन डायऑक्साइड गृहीत धरून दुरुस्त करण्याचा नियम आहे. अहवाल वाचणाऱ्याने ही दुरुस्ती केली आहे की नाही एवढे जरी पाहिले, तरी त्याची नजर तयार झाली असे म्हणावयास हरकत नाही. शिक्षकांना हा दुधाचा दाखला वर्गात सहज वापरता येईल.

शिवाय वेळेचा प्रश्न आहेच. वर्षभर रात्रंदिवस चालणाऱ्या धुराड्याचे हे मोजमाप वर्षातून मोजक्या दिवशी, काही तासांपुरते होते. राख अडविणाऱ्या विद्युत यंत्रणेला वीज लागते, विजेला पैसे पडतात. त्यामुळे मोजणीच्या दिवशी यंत्रणा चालू आणि एरवी बंद ठेवण्याचा मोह होऊ शकतो. रात्री धूर वाढतो ही औद्योगिक वसाहतींलगतच्या गावांची नेहमीची तक्रार असते, आणि ती खोटी ठरविण्यास दिवसा घेतलेला नमुना पुरा पडत नाही. यावर उपाय म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये साखर, सिमेंट, औष्णिक वीज यांसह अतिप्रदूषणकारी समजल्या जाणाऱ्या १७ वर्गांतील उद्योगांना सतत मोजणारी यंत्रे बसविण्याचे निर्देश दिले. या यंत्रांचे आकडे थेट मंडळाकडे जातात. मात्र तीही अधूनमधून हाताने घेतलेल्या नमुन्याशी जुळवून घ्यावी लागतात. ते जुळविणेच चुकले, तर यंत्र रात्रंदिवस चूकच सांगत राहील.

मोजणाऱ्याचे पैसे कोणी द्यावयाचे?

येथवर यंत्रांचा विचार झाला. परंतु आकड्याचे खरेखोटेपण अखेर माणसांवर, किंबहुना माणसांच्या व्यवस्थेवर ठरते. याविषयीचा सर्वांत स्पष्ट पुरावा आपल्या शेजारच्या गुजरात राज्यातून मिळाला आहे. कायदे तेच, कणांची १५० मिलिग्रॅमची सर्वसाधारण मर्यादा तीच आणि उद्योगही पुष्कळसे सारखे; तेव्हा तेथील अनुभव आपल्यालाही लागू पडावा.

गुजरातेत १९९६ पासून प्रदूषणकारी कारखान्यांना दरवर्षी त्रयस्थ लेखापरीक्षकाकडून तपासणी करून घ्यावी लागत असे. पण हा त्रयस्थ कारखानदारानेच निवडावयाचा आणि त्याचे शुल्कही कारखानदारानेच द्यावयाचे, अशी रीत होती. एस्तेर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थशास्त्रज्ञांनी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहकार्याने अहमदाबाद व सुरत भागातील ४७३ कारखान्यांत दोन वर्षे एक प्रयोग केला. (डुफ्लो यांना पुढे २०१९ मध्ये नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.) निम्म्या कारखान्यांत जुनी रीत चालू ठेवली. उरलेल्या निम्म्यांत परीक्षक चिठ्ठी टाकावी तसा नेमून दिला, त्याचे ठरावीक शुल्क मध्यवर्ती निधीतून दिले आणि त्याच्या काही मोजण्या दुसऱ्याकडून पुन्हा करून घेतल्या.

जुन्या रीतीतील परीक्षकांच्या मते कणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने होते अवघे सात टक्के. फेरतपासणीत ते ५९ टक्के निघाले. परीक्षकांचे आकडे मर्यादेच्या अगदी खाली दाटीवाटीने बसले होते, जणू साऱ्या धुराड्यांनी नियम वाचूनच धूर सोडला असावा. नव्या रीतीत खोट्या अहवालांचे प्रमाण फार मोठ्या प्रमाणात घटले. आणि विशेष म्हणजे, कायदा न बदलता, दंड न वाढविता, त्या कारखान्यांचे प्रदूषणही कमी झाले. यंत्रे तीच होती, बहुतेक माणसेही तीच होती. बदलले होते ते इतकेच की, आकडा देणाऱ्याचे पोट आता आकडा हवा असणाऱ्याच्या हाती राहिले नव्हते. परीक्षकांना सरसकट अप्रामाणिक म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. त्यांना खरे बोलणे परवडत नव्हते, एवढाच याचा अर्थ. २०१५ मध्ये गुजरातने नेमणुकीची ही नवी पद्धत स्वीकारली.

भरवशाचे मोजमाप हाती आले की इतर उपाय शक्य होतात, हे सुरतेनेच दाखविले. २०१९ मध्ये तेथे कोळसा जाळणाऱ्या, मुख्यतः कापड प्रक्रियेच्या सुमारे तीनशे कारखान्यांपैकी निम्म्यांसाठी धुराच्या कणांचा बाजार सुरू झाला. या साऱ्यांनी मिळून किती कण सोडावयाचे याची मर्यादा ठरली व त्या हिशेबाने परवाने निघाले. ज्याला धूर कमी करणे स्वस्त पडते त्याने तो जास्त कमी करावा व उरलेले परवाने विकावेत. ज्याला महाग पडते त्याने ते विकत घ्यावेत. कारखान्यांकडून आधीच अनामत घेतली असल्याने नियमभंगाची वसुली न्यायालयाच्या फेऱ्यांत अडकली नाही. बाजाराबाहेरच्या कारखान्यांशी तुलना करता उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटल्याचे आणि तेवढाच धूर कमी करण्याचा खर्चही उतरल्याचे आढळून आले. सतत मोजणाऱ्या यंत्रांवाचून हा बाजार एक दिवसही चालला नसता.

महाराष्ट्रात ५ जून २०१७ रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखान्यांना धुरातील कणांच्या मोजणीवरून एक ते पाच तारे देण्याची योजना सुरू केली. तारे सर्वांना पाहता येतात. रिंगेलमानच्या तक्त्याचा उघडेपणा यात थोडासा परत आला आहे.

मोजमापाइतकीच मर्यादाही पाहावी लागते, कारण ती बदलू शकते. औष्णिक वीज केंद्रांसाठी डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र शासनाने कण, गंधक डायऑक्साइड व नायट्रोजनच्या ऑक्साइडांच्या कडक मर्यादा ठरविल्या. पालनाची मूळ मुदत दोन वर्षांची होती. ती वेळोवेळी वाढत गेली आणि जुलै २०२५ मध्ये बहुसंख्य केंद्रांना गंधक डायऑक्साइडच्या मर्यादेतून सूट मिळाली. या निर्णयाच्या बाजूने व विरुद्ध तज्ज्ञांनी बरेच लिहिले आहे. वीज केंद्राच्या परिसरातील पंचायत सदस्याने मात्र एवढे जाणावे की, उद्या अहवालात ‘मर्यादेच्या आत’ असे आले, तर धूर घटला म्हणून आले की मर्यादा उठली म्हणून, हे वेगळे विचारावे लागेल.

देशाचे उत्सर्जन

एका धुराड्यात नळी घालता येते. साऱ्या देशावर नळी लावता येत नाही. म्हणून देशाचे हरितगृह वायूंचे उत्सर्जन मोजले जात नाही, तर त्याचा हिशेब केला जातो. किती कोळसा जळाला, किती सिमेंट झाले, गुरे किती, भातशेती किती, अशी प्रत्येक बाब घ्यावयाची आणि तिला एककामागील उत्सर्जनाने गुणावयाचे. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. लिटरभर डिझेलचे वजन किलोभरही नसताना हे कसे, असे विद्यार्थी हमखास विचारतील. उत्तर असे की, प्रत्येक १२ भाग कार्बनला ३२ भाग ऑक्सिजन हवेतून येऊन मिळतो. गुणक परदेशातून उसने घेतले तर हिशेब चुकतो. आपली गाय युरोपातील गाईहून लहान, तिचा चारा निराळा, म्हणून तिचा मिथेनही निराळा. भारताने अशा बाबींसाठी आपले गुणक तयार केले आहेत.

भारताने डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांना सादर केलेल्या अहवालानुसार २०२० मध्ये देशाचे एकूण उत्सर्जन, वनांनी शोषलेला भाग वगळण्यापूर्वी, सुमारे २९६ कोटी टन कार्बन डायऑक्साइडइतके होते. त्यातील तीन-चतुर्थांशाहून किंचित अधिक ऊर्जेचे व सुमारे १४ टक्के शेतीचे. त्याच अहवालाप्रमाणे २००५ ते २०२० या काळात राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर रुपयामागील उत्सर्जन ३६ टक्क्यांनी घटले. २०३० पर्यंत ते ४५ टक्क्यांनी घटविण्याचे आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचे देशाने ठरविले आहे. रुपयामागील उत्सर्जन व एकूण उत्सर्जन यांत गल्लत होता कामा नये. अर्थव्यवस्था तिपटीने वाढली आणि रुपयामागील उत्सर्जन ४५ टक्क्यांनी घटले, तरी एकूण उत्सर्जन पूर्वीच्या १.६५ पट होईल. विकसनशील देशाला असे माप घेणे न्याय्यच आहे, पण ते काय सांगते आणि काय सांगत नाही, हे ठाऊक असावे.

हाच हिशेब गावाचाही करता येतो. माझी वसुंधरा अभियानामुळे २०२० पासून राज्यातील पुष्कळ ग्रामपंचायतींना या विषयाची ओळख झाली आहे. समजा, पाणीपुरवठ्याच्या पंपाला महिन्याला दीड हजार युनिट वीज लागते. देशातील विजेच्या दर युनिटमागे सरासरीने सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. वर्षाचे युनिट १८,०००, म्हणजे उत्सर्जन साडेबारा टनांच्या आसपास. पंप सौर ऊर्जेवर आणला किंवा गळकी नळवाहिनी दुरुस्त केली, की किती टन वाचले ते वीजबिलावरूनच कळेल, त्यासाठी कोणाचे प्रमाणपत्र लागणार नाही.

आणि गावाच्या शिवेवर कारखाना असेल, तर त्याच्या संमतिपत्रात प्रत्येक धुराड्याची मर्यादा लिहिलेली असते. संमती घ्यावी लागणाऱ्या प्रत्येक उद्योगाने दरवर्षी ३० सप्टेंबरपूर्वी राज्य मंडळाकडे पर्यावरण विवरणपत्र द्यावयाचे असते. ही दोन्ही कागदपत्रे माहितीच्या अधिकाराखाली मागता येतात. ती हाती आली की नमुना कोणत्या दिवशी, किती वाजता घेतला, त्या वेळी कारखाना किती भाराने चालू होता, बारा टक्क्यांची दुरुस्ती केली होती काय आणि प्रयोगशाळेचे शुल्क कोणी भरले, हे प्रश्न ग्रामसभेत मराठीतच विचारता येतात.